घरभाड्याची गोठलेली तारीख

घर भाड्याने देण्याचा धंदा दिसावयास मोठा सोपा आहे. भिंती उभ्या असतात, डोक्यावर छप्पर असते आणि महिन्याच्या आरंभी मेहताजी वही काखोटीस मारून खोल्याखोल्यांतून फिरला की भाडे आपोआप हाती येते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु ज्याने ज्याने म्हणून आपले द्रव्य विटाचुन्यात घातले, त्याच्यापुढे तीन प्रश्न आल्यावाचून राहिले नाहीत. भाडे किती घ्यावे? घर मोडकळीस आले तर त्याची दुरुस्ती कोणी व कशातून करावी? आणि स्वतःस गरज पडेल त्या वेळी ते घर परत हाती येईल काय? हे प्रश्न गावातील दोन खणांच्या मालकाला सुटत नाहीत, तसेच शहरातील चार चाळींच्या धन्यालाही सुटत नाहीत. मुंबई शहरात या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पन्नासांहून अधिक वर्षे एकाच तारखेने दिली. ती तारीख १ सप्टेंबर १९४० ही होय. युद्धाच्या धामधुमीत काही काळापुरता घातलेला एक बांध दोन पिढ्या कसा टिकला आणि त्यात मालक व भाडेकरू या दोघांचेही काय झाले, हा इतिहास आजही घर भाड्याने देणाऱ्या व घेणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

या कथेचा आरंभ चाळीपासून होतो. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली सूतगिरणी काढण्यासाठी कंपनी स्थापन केली, आणि त्यानंतरच्या चाळीस वर्षांत गिरण्यांच्या धुराड्यांनी शहराचा उत्तर भाग भरून गेला. कोकणातून, देशावरून आणि घाटावरून माणसांचे लोंढे येऊ लागले. या माणसांना स्वतःचे घर बांधणे शक्य नव्हते. त्यांना हवी होती गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात एक खोली. ही गरज ओळखून सावकारांनी, व्यापाऱ्यांनी आणि कंत्राटदारांनी चाळी बांधल्या. एका लांब सज्जावर ओळीने खोल्या, मजल्याच्या टोकाला सामाईक नळ व शौचकूप, आणि तळमजल्यास दुकाने, ही त्यांची रचना. मालकाच्या दृष्टीने हिशेब सरळ होता. जमीन व बांधकाम यांस घातलेल्या रकमेवर सरकारी रोख्यांहून अधिक व्याज सुटले पाहिजे, आणि त्यातच कर, झाडूवाला, मेहताजी व वार्षिक डागडुजी भागली पाहिजे. खोली रिकामी पडू नये एवढीच काय ती चिंता.

ती चिंताही एकदा खरी ठरली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, आणि काही महिन्यांतच लक्षावधी लोक शहर सोडून गावोगाव पांगले. गजबजलेल्या चाळी ओस पडल्या. भाडे कोणाकडून मागावे हेच मालकांस कळेना. या आपत्तीतून १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट जन्मास आला. अरुंद गल्ल्या फोडून हवा खेळती करणे, नवे रस्ते काढणे आणि गरिबांसाठी आरोग्यदायी घरे बांधणे हे त्याचे काम. सँडहर्स्ट रोड व प्रिन्सेस स्ट्रीट हे त्याच खटपटीचे फळ. ट्रस्टने चाळीही बांधल्या. परळ येथील अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कुटुंब अनेक वर्षे राहिले. परंतु जुनी घरे पाडण्याचा वेग नवी बांधण्याच्या वेगाहून अधिक राहिल्यामुळे उरलेल्या खोल्यांवर गर्दीचा भार वाढतच गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील बहुसंख्य लोक एकेका खोलीत संसार करीत होते.

अशा शहरावर पहिल्या महायुद्धाची सावली पडली. परंतु भाड्यावर कायद्याचा अंकुश असावा ही कल्पना मुंबईत उपजलेली नाही. ती आली सागरापलीकडून. १९१५ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरी दारूगोळ्याच्या कारखान्यांसाठी हजारो कामगार जमले होते. घरांची टंचाई पाहून मालकांनी भाडी चढविली. पुरुष रणांगणावर किंवा कारखान्यात. तेव्हा लढा दिला तो बायकांनी. मेरी बार्बर या गृहिणीच्या पुढाकाराने गोव्हन व पार्टिक भागांतील स्त्रियांनी वाढीव भाडे देण्याचे नाकारले आणि घर खाली करून घेण्यास येणाऱ्या बेलिफांना दारातूनच परतविले. १७ नोव्हेंबर १९१५ रोजी भाडेकरूंवरील खटले न्यायालयापुढे निघाले असता हजारोंचा जमाव बाहेर उभा राहिला. युद्ध चालू असताना कारखाने बंद पडणे सरकारला परवडणारे नव्हते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून लहान घरांची भाडी ऑगस्ट १९१४ च्या पातळीवर रोखून धरली.

त्या ब्रिटिश कायद्यातील एक गोष्ट मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. त्याने भाड्याबरोबर घरांवरील गहाणकर्जाचे व्याजही रोखले होते. घरमालक हा बहुधा स्वतःच कोणाचा तरी ऋणको असतो. त्याचे उत्पन्न बांधावयाचे तर त्याच्या डोक्यावरील बोजाही बांधला पाहिजे, हा विचार त्यात होता. अंकुश एकाच्या मानेवर न ठेवता दोघांच्या मानेवर वाटून दिलेला होता.

मुंबईत १९१८ साली असेच कायदे झाले. १ जानेवारी १९१६ रोजी जे भाडे चालू होते ते प्रमाण मानावे, अशी त्यांतील व्यवस्था होती. या कायद्यांच्या नावातच ‘युद्धकालीन निर्बंध’ हे शब्द होते, म्हणजे ते तात्पुरते आहेत हे कोणापासून लपविलेले नव्हते. आणि खरोखरच, विसाचे दशक सरता सरता ते निर्बंध उठले. ते उठले तरी शहरात हाहाकार माजला नाही, याचे कारण पाहिले पाहिजे. एक तर व्यापारात मंदी येऊ लागली होती. दुसरे असे की मधल्या काळात सरकार स्वतःच बांधकामाच्या मैदानात उतरले होते. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० साली डेव्हलपमेंट खाते काढले. शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया जकात बसवून गिरणीकामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा मनसुबा जाहीर झाला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, शिवडी व डिलाइल रोड येथे मिळून २०७ चाळी आणि सुमारे साडेसोळा हजार खोल्या उभ्या राहिल्या. खोली सुमारे १६० चौरस फुटांची, बांधकाम सिमेंट-काँक्रीटचे.

पण या चाळींतील हजारो खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. ज्यांच्यासाठी त्या बांधल्या त्यांना त्यांचे भाडे परवडेना, आणि गिरणी दूर, बाजार दूर, अशी तक्रारही होतीच. पुढे भाडी उतरवावी लागली. १९३० च्या सत्याग्रहात तर वरळीच्या काही चाळींचा उपयोग सरकारने तात्पुरता तुरुंग म्हणून केला. बांधकामाच्या खर्चाला पुरे पडेल असे भाडे आणि मजुराच्या पगाराला झेपेल असे भाडे या दोहोंत अंतर आहे, हा धडा येथे प्रथमच उघड्यावर आला. खाजगी मालकाने खोल्यांत दाटी करून ते अंतर भरून काढले होते. सरकारने ते सार्वजनिक तिजोरीतून भरले. अंतर कोणीतरी सोसावेच लागते. प्रश्न फक्त कोणी सोसावयाचे एवढाच असतो. पुढील सर्व इतिहास या एका वाक्याचे भाष्य आहे.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि जुने चक्र पुन्हा फिरू लागले. १९३९ साली भाडेनियंत्रणाचा एक मर्यादित कायदा झाला, १९४४ साली दुसरा अधिक व्यापक झाला. युद्ध संपले तेव्हा महागाई दुपटीहून पुढे गेली होती, बांधकामाचे साहित्य मिळत नव्हते, आणि १९४७ च्या फाळणीमुळे निर्वासितांचे जथे शहरात उतरत होते. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या कारकिर्दीत १९४७ चा ५७ वा कायदा संमत झाला व १३ फेब्रुवारी १९४८ पासून अंमलात आला. मुंबई भाडे, हॉटेल व लॉजिंग हाऊस दर नियंत्रण अधिनियम असे त्याचे लांबलचक नाव. लोक त्याला नुसता ‘भाडेकायदा’ म्हणत.

या कायद्याचा कणा म्हणजे ‘प्रमाणभाडे’ ही संज्ञा. १ सप्टेंबर १९४० रोजी जागा ज्या भाड्याने दिलेली होती, ते तिचे प्रमाणभाडे. त्या दिवशी ती रिकामी असेल तर त्याआधी शेवटी जे भाडे मिळत होते ते. आणि त्या तारखेनंतर प्रथमच भाड्याने दिली असेल, तर प्रथम ठरलेले भाडे. ते अवाजवी वाटल्यास न्यायालयाने वाजवी रक्कम ठरवावी. महानगरपालिकेचे कर वाढले किंवा मालकाने जागेत सुधारणा केली, तर काही वाढ घेण्यास मुभा, त्यावाचून नाही. भाडेकरू प्रमाणभाडे देण्यास तयार आहे तोवर त्याला घालवून देता येणार नाही. भाडेकरू मरण पावल्यास त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे तो हक्क जाईल. भाड्याखेरीज पागडी घेणे हा गुन्हा. सर्व वाद लघुवाद न्यायालयापुढे.

हा कायदा अन्यायाचा होता असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. १९४८ च्या मुंबईत एका खोलीसाठी दहा माणसे उभी होती. त्या वेळी बांध नसता तर गिरणीतला साचेवाला, पेढीवरचा कारकून, शाळेतला मास्तर आणि कराचीहून अंगावरच्या वस्त्रानिशी आलेला सिंधी, यांपैकी कोणाचाच निभाव लागला नसता. मुंबईच्या चाळींत जे एक सामाजिक जीवन फुलले, त्यात गणेशोत्सव होता, वाचनालय होते, भजनीमंडळ होते, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या सभाही होत्या. माणसे दरसाल हुसकावली जात नव्हती म्हणूनच ते फुलले. घराचे स्थैर्य हे अन्नाइतकेच मोलाचे आहे, आणि ते स्थैर्य या कायद्याने लाखो कुटुंबांस दिले. दोष बांध घालण्यात नव्हता. पूर ओसरल्यावर तो थोडाथोडा उघडावयास हवा होता, तो कोणी उघडला नाही, हा दोष होय.

कायदा ठरावीक मुदतीचा होता. मुदत संपत आली की कायदेमंडळ ती वाढवून देई. असे वारंवार झाले. भाडेकरूंची संख्या मालकांच्या कितीतरी पट. मतपेटीला ही गोष्ट चांगली ठाऊक असते. मुदत वाढे, परंतु तारीख मात्र जागची हलत नसे. येथे विलायतेशी तुलना उद्बोधक ठरते. तेथेही युद्धकालीन निर्बंध दीर्घकाळ टिकले. परंतु १९६५ च्या कायद्याने ‘उचित भाडे’ ठरविण्याची पद्धत आणली. टंचाईमुळे चढणारा भाग वजा करून, घराची स्थिती व ठिकाण पाहून अधिकाऱ्याने भाडे ठरवावे आणि काही वर्षांनी त्याचा पुन्हा विचार व्हावा, अशी ती पद्धत. भाडेकरूस संरक्षण राहिले, पण आकडा हलता राहिला. मुंबईत मात्र आकडाच गोठला.

आता पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे भाड्याच्या आकड्याकडे, वळू. समजा, गिरगावातील एका चाळीत चाळीस खोल्या आहेत आणि १ सप्टेंबर १९४० रोजी प्रत्येक खोलीस आठ रुपये भाडे आहे. महिन्याचे उत्पन्न ३२० रुपये, वर्षाचे ३,८४० रुपये. १९४० साली एवढ्या रकमेत मेहताजीचा पगार भागे, चाळ रंगविता येई, कौले बदलता येत आणि मालकाचे घरही चाले. तीस वर्षांनी उत्पन्न साधारण तेच राहिले. पण गवंड्याची रोजंदारी, सागवानी तुळई, सिमेंटचे पोते यांच्या किमती कित्येक पटींनी वाढलेल्या. पन्नास वर्षांनी त्या वार्षिक उत्पन्नात एका मजल्याचे संडासही धड दुरुस्त होईनात. खोलीच्या भाड्याहून भाडेकरूचे वीजबिल मोठे, अशी स्थिती आली. मालकीचा कागद हातात, पण त्याचा अर्थ एवढाच की कराची नोटीस आपल्या नावाने येते, असे मालक म्हणू लागले.

दुसरा प्रश्न दुरुस्तीचा. कायद्याने इमारत सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावरच ठेवली होती. त्याने ती न केल्यास भाडेकरूने नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च काही मर्यादेत भाड्यातून वळता करावा, अशी सोयही होती. परंतु ज्या भाड्यातून खर्च वळता करावयाचा तेच इतके लहान, की या सोयीचा उपयोग गळका नळ बदलण्यापलीकडे होईना. मालक म्हणे, भाड्यात दुरुस्ती बसत नाही. भाडेकरू म्हणे, घर तुमचे, खर्च तुमचा. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत होते, आणि दोघांच्या मध्ये लाकडी तुळई वाळवीने पोखरली जात होती. पावसाळ्यात जुन्या इमारती कोसळून माणसे दगावू लागली, तेव्हा सरकारला मध्ये पडावे लागले. १९६९ साली इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. शहरातील जुन्या इमारतींवर दुरुस्ती-उपकर बसवून त्या निधीतून मंडळाने दुरुस्ती करावी, अशी योजना होती. अशा उपकरपात्र इमारतींची संख्या १९,६४२ भरली. त्यांतील १६,५०२ या १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या होत्या. तीच तारीख येथे पुन्हा भेटते.

हे मंडळ पुढे महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणात, म्हणजे म्हाडात, विलीन झाले. हजारो इमारतींना टेकू लागले, तुळया बदलल्या, काही नव्याने बांधल्या. परंतु दुरुस्तीचे ओझे मालक व भाडेकरू या दोघांच्याही अंगावरून सरकले आणि सरकारी कचेरीच्या दारात जाऊन पडले. १९८६ साली आणखी एक पाऊल टाकले गेले. इमारतीतील सत्तर टक्के रहिवाशांनी अर्ज केल्यास सरकारने ती इमारत संपादित करून त्यांच्या सहकारी संस्थेस द्यावी आणि मालकास मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम द्यावी, अशी तरतूद झाली. वरील उदाहरणातील चाळीचे मोल त्या हिशेबाने बत्तीस हजार रुपये होते. गोठलेले भाडे येथे गोठलेली किंमत झाले. यातून मालकांच्या संघटनेने न्यायालयाची पायरी चढली. त्या वादात उद्भवलेल्या घटनात्मक प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने निर्णय दिला. प्रत्येक खाजगी मालमत्ता ही केवळ तेवढ्यानेच ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही, असा त्याचा आशय.

तिसरा प्रश्न ताब्याचा. जागा परत मागण्याची कारणे कायद्याने मोजून दिली होती: भाडे थकणे, पोटभाडेकरू ठेवणे, शेजाऱ्यांस उपद्रव देणे, आणि मालकाची स्वतःची खरीखुरी गरज. या शेवटच्या कारणातही न्यायालयाने तोलून पाहावयाचे होते की जागा न मिळाल्याने मालकाचे हाल अधिक होतात, की ती गेल्याने भाडेकरूचे. मालकाचा मुलगा लग्नाचा झाला म्हणून दावा लागे आणि नातू शाळेत जाऊ लागल्यावर निकाल होई. काही मालक भाडे थकले असे दाखविण्यासाठी ते घेण्याचेच नाकारीत. मग भाडेकरू मनिऑर्डरीने भाडे पाठवी आणि परत आलेली कुपने पुराव्यासाठी जपून ठेवी. भाडेपावतीवर कोणाचे नाव आहे यावर कुटुंबाकुटुंबांत तंटे झाले. आठ रुपयांची ती पावती घरातील सर्वांत मौल्यवान दस्तऐवज ठरली होती.

त्या पावतीचे मोल पागडीने ठरविले. कायद्याने पागडी गुन्हा ठरविली; पण खरे भाडे आणि कागदावरचे भाडे यांत जेथे एवढी दरी पडते, तेथे ती दरी कोणी ना कोणी भरतोच. जुना भाडेकरू जागा सोडताना नव्याकडून मोठी रक्कम घेई, त्यातला काही हिस्सा मालकास देई, आणि मालक नव्याच्या नावाने पावती फाडी. सारा व्यवहार काळोखात. नोंद नाही, कर नाही, दाद नाही. म्हणजे भाडे वाढले नाही असे नाही. ते एकरकमी झाले आणि कायद्याच्या नजरेआड गेले. ज्याच्या गाठीस रोकड त्याला जागा मिळे. ज्या गरीब नवागतासाठी हा कायदा होता, त्यालाच या दाराने आत येता येईना. आधी आत असलेल्याचे संरक्षण हे बाहेर उभ्या असलेल्याच्या तोंडावर लावलेले दार ठरले.

यातून दोन नव्या चाली निघाल्या. पहिली, भाड्याने द्यावयाच्या इमारती बांधणेच लोकांनी सोडून दिले. एकदा भाडेकरू आला की भाडेही हलणार नाही आणि तोही हलणार नाही, हे ओळखून बांधणारे लोक खोल्या विकू लागले. सहकारी गृहसंस्था वाढल्या. १९६३ साली मालकी हक्काच्या सदनिकांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. एकेकाळचे भाड्याच्या चाळींचे शहर असे हळूहळू विकतच्या घरांचे शहर झाले. दुसरी चाल ‘लीव्ह अँड लायसन्स’ची. जागा भाड्याने दिलीच नाही, केवळ वापरण्याची परवानगी दिली, असा करार अकरा महिन्यांसाठी करावयाचा. वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यास नोंदणी लागते, म्हणून अकराचा आकडा. परंतु १९७३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा परवान्याने राहणारे सर्व जण एका रात्रीत भाडेकरू ठरले. ज्या मालकांनी विश्वासाने जागा दिली ते धास्तावले आणि पुढे अनेकांनी कुलूप लावून जागा रिकाम्या ठेवणेच पसंत केले. माणसे पदपथावर आणि खोल्या कुलपात, असा विपरीत देखावा मुंबईने पाहिला.

शेवटी १९ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मलपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात या गोठलेल्या तारखेवर आपले मत दिले. जो कायदा केला तेव्हा वाजवी होता, तोच काळाच्या ओघात अवाजवी होऊ शकतो, आणि प्रमाणभाडे कायमचे बांधून ठेवणाऱ्या तरतुदींचे तसेच झाले आहे, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता. कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ रोजी संपणार असल्याने न्यायालयाने त्या तरतुदी तेथल्या तेथे रद्द केल्या नाहीत. नव्या व न्याय्य कायद्याची अपेक्षा व्यक्त केली. त्यातून महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ तयार झाला आणि ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. मुंबई इलाख्याचा जुना कायदा, विदर्भातील १९४९ चा भाडेनियंत्रण आदेश आणि मराठवाड्यातील १९५४ चा हैदराबादी कायदा, या तिघांची जागा त्या एका कायद्याने घेतली. त्याने भाड्यात दरसाल चार टक्के वाढीस मुभा दिली, पागडीस कायद्याच्या उजेडात आणले, मोठ्या कंपन्या व बँका यांना दिलेल्या जागा संरक्षणातून वगळल्या, आणि प्रत्येक भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, न केल्यास दोष मालकाचा, असे ठरविले. परवान्याची मुदत संपूनही जो जागा सोडीत नाही, त्याच्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे थेट दाद मागण्याची सोयही त्यात आहे.

तथापि साठ वर्षांचे बर्फ चार टक्क्यांनी वितळत नाही. आठ रुपयांच्या त्या खोलीस नव्या कायद्याची सुरुवातीची पाच टक्के वाढ लावली आणि पुढे पंचवीस वर्षे चार टक्के चक्रवाढीने धरले, तरी, कर व उपकर वेगळे ठेवता, आकडा बावीस-तेवीस रुपयांच्या पलीकडे जात नाही. म्हणून जुन्या चाळींचे भवितव्य आता भाड्याने ठरत नाही. ते पुनर्विकासाने ठरते. जुनी इमारत पाडावी, भाडेकरूंना नव्या सदनिका मालकी हक्काने द्याव्यात आणि वर मिळणाऱ्या वाढीव बांधकामाच्या विक्रीतून सर्व खर्च भागवावा, ही ती वाट. ती जेथे जुळते तेथे माणसे सुखरूप नव्या घरात जातात. जेथे मालक, भाडेकरू आणि बांधणारा यांचे एकमत होत नाही, तेथे इमारत वाट पाहत उभी राहते. आणि इमारतीच्या वाट पाहण्यालाही अंत असतो. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील शतकाहून जुनी इमारत भर सकाळी कोसळली आणि तीसहून अधिक माणसे गेली.

या साऱ्या इतिहासाचे सार काढावयाचे तर ते मालकाच्या बाजूचे किंवा भाडेकरूच्या बाजूचे असे निघत नाही. भाडे ही मालकाची केवळ कमाई नव्हे. त्याच रकमेत घराचे आयुष्यही असते. ते भाडेकरूच्या ऐपतीबाहेर गेले तर माणूस रस्त्यावर येतो. दुरुस्तीच्या खर्चाखाली गेले तर घरच रस्त्यावर येते. म्हणून आज जो आपल्या पुंजीतून एखादी जागा घेऊन ती भाड्याने देऊ पाहतो, त्याने प्रथम दुरुस्तीचा वाटा बाजूस काढून मग नफा मोजावा. करार लेखी करावा, त्याची नोंदणी करावी आणि त्यात मुदत, वाढ व डागडुजी यांविषयी दोघांसही समजेल अशा भाषेत लिहावे. पावती न चुकता द्यावी. भाडेकरूनेही स्वस्त भाडे हे फुकटचे दान समजू नये. जे भाड्यात दिले जात नाही ते पुढे छपराच्या गळतीत द्यावे लागते.

आणि कायदे करणाऱ्यांसाठी एक धडा उरतो. संकटकाळी बांध घालणे हे राज्याचे कर्तव्यच आहे. ग्लासगोच्या स्त्रियांनी ते राज्यकर्त्यांस शिकविले. परंतु बांध घालताना तो केव्हा व कसा उघडावयाचा हेही त्याच वेळी लिहून ठेवले पाहिजे. नाही तर दिनदर्शिकेवरील एक तारीख तशीच राहते, काळ पुढे निघून जातो, आणि त्या दोहोंमधील अंतर एखाद्या पावसाळी सकाळी भिंतीला पडलेल्या भेगेतून दिसू लागते.